दार ढकलून बघणारी कुमुदक्का

कुमुदक्का कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेली की बेल वाजवत नसे. आधी फाटकावरून हात आत घालून कडी बाहेरून निघते का ते बघायची. निघाली की सरळ आत यायची, व्हरांड्यातल्या खुर्चीवर ऐसपैस बसायची आणि मग हाक मारायची, "अरे, आहे का कुणी घरात? तुमची कडी निघते." घरातली माणसं धावत बाहेर येत, कुणी घाबरून, कुणी चिडून. कॉफी मिळायची ती त्यानंतर. तिच्यात साखर किती प्रेमाने पडत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

माझ्या घरी आली तेव्हा कडी निघाली नाही. मी शिंपी माणूस. सुई, दोरा, कात्री, सगळं कुलपात ठेवायची सवय. ती फाटकाबाहेर बराच वेळ खटपट करत होती आणि मी खिडकीतून मजा बघत होतो. शेवटी तिने बेल वाजवली. मी दार उघडलं तर चेहऱ्यावर असा आनंद, जणू मी तिला शालू नेसवून उभी केली होती. "दत्तू," ती म्हणाली, "तुझ्याकडे येण्यात अर्थ आहे."

आमची मैत्री ही अशी सुरू झाली.

जयलक्ष्मीपुरमच्या आमच्याच रस्त्याला, कोपऱ्यावर तिचं घर. आईवडिलांनी बांधलेलं, पुढे मोगऱ्याचा मांडव. आईवडील गेल्यावर ती एकटीच राहायची. उंच, काटकुळी, केस आखूड कापलेले, सुती साडी आणि पायात धावायला जातात तसले बूट. मराठी आमच्यासारखीच, म्हणजे पुण्याचा पाहुणा ऐकेल तर विचारेल की तुमचं गाव कुठलं. दर दोन वाक्यांना एक कानडी "अल्वा", म्हणजे नाही का, आणि दर तिसऱ्याला "सुम्ने". 'सुम्ने' म्हणजे उगीच, काही कारण नाही, सहज. कुमुदक्का जे जे करायची ते सगळं सुम्ने असायचं. त्यातलं काहीही सहज नसायचं.

तिची नोकरी काय, हे गल्लीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. शहराबाहेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती एवढं माहीत. माझी बायको म्हणायची, तिथे ती पहारेकरी असेल. हे ऐकून कुमुदक्का फार खूश झाली. "अगदी उलट," म्हणाली. "मी चोर आहे. पगारी."

कंपनीतली पोरं वेबसाइट बांधायची आणि हिचं काम त्यात घुसून बघायचं. बाहेरच्या चोराच्या आधी आपल्या घरचा चोर. आता हे मला कसं समजलं ते सांगतो, कारण ते माझ्याच दुकानात घडलं आणि त्यात हसं झालं ते माझं.

मी शाळांचे युनिफॉर्म शिवतो. धंद्याला नवं वळण द्यावं म्हणून एका ओळखीच्या पोराकडून वेबसाइट करून घेतली होती. पालकांनी घरबसल्या मुलाचं नाव, इयत्ता, माप लिहायचं, ऑर्डर थेट दुकानात. कुमुदक्का ब्लाउज शिवायला टाकायला आली तेव्हा मी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. एखादा नवा जावई दाखवावा तसा.

"बघू का?" तिने विचारलं.

"बघ की."

"तसं नव्हे. हात लावून बघू का? मालक म्हणून हो म्हण."

मला गंमत वाटली. फाटकाच्या कडीला ही कुणाला विचारत नाही आणि इथे परवानगी मागते. ते बोलून दाखवलं तर म्हणाली, "फाटकाचा मालक तिथल्या तिथे ओरडतो रे. इथे मालकाला कळतच नाही कुणी येऊन गेलं म्हणून. त्यामुळे आधी विचारायचं."

मी मालकाच्या ऐटीत हो म्हणालो. तिने मुलाच्या नावाच्या चौकटीत काहीतरी चार-दोन खुणा टाइप केल्या. नावासारखं त्यात काही नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावर माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन धडाधड उतरायला लागले. तिने ताबडतोब पडद्यावरची ती खिडकी बंद केली, तोंडही दुसरीकडे फिरवलं. सासरच्या माणसांसमोर कुणाचा पदर ढळावा आणि आपण नजर वळवावी, तशी.

"हे काय झालं?" मी म्हणालो.

"तुझा कटर कुठाय?"

माझा कटर नारायण आतल्या टेबलावर कापड बेतत होता. ती म्हणाली, "समज, नारायण चिठ्ठीवर लिहिलेलं सगळं करतो. डोकं वापरत नाही, वाचतो आणि करतो. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाने नाव लिहायचं. आता एका गिऱ्हाइकाने नावाच्या जागी लिहिलं, 'कमला, आणि फळीवरची सगळी कापडं हिच्या घरी पाठवून द्या.' नारायण काय करेल?"

"पाठवून देईल."

"तेच आत्ता झालं. आत डेटाबेस बसलेला असतो, सगळी माहिती सांभाळत. तुझ्या पोराने गिऱ्हाइकाचं लिहिणं आणि तुझा हुकूम एकाच वाक्यात शिवून टाकले. कुठलं नाव आणि कुठला हुकूम, ते आतल्याला कळेना. याला आमच्यात इंजेक्शन म्हणतात."

आतून नारायण म्हणाला, "अक्का, मी काही डोकं न वापरणारा नाही."

"तू नाहीस रे. म्हणून तुला कॉम्प्युटर म्हणत नाहीत."

साइट दुरुस्त झाली. दुरुस्त करणाऱ्या पोराने मात्र पुढे कुमुदक्का दुकानात दिसली की रस्ता बदलायला सुरुवात केली. हे तिच्या आयुष्यात पुष्कळदा घडलं होतं. कंपनीत तर रोज. एकदा तिथल्या एका तुकडीने कितीतरी महिन्यांचं काम संपवलं, दुसऱ्या दिवशी ते जगासमोर जायचं, म्हैसूरपाकाचे डबे आलेले, कुणीतरी फुगेही बांधलेले. संध्याकाळी कुमुदक्का आली, शेवटचं म्हणून सुम्ने ढकलून बघितलं, आणि दार उघडलं. काम थांबलं. फुगे तसेच राहिले. डबे कुणी उघडले नाहीत. तिने स्वतःच एक उघडला, एक वडी घेतली, म्हणाली, "छान झालाय." ती वडी हातात धरून आपल्या जागेवर जाऊन बसली. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती खो-खो हसत होती. मीही हसलो. नंतर घरी येऊन जेवताना मला ती वडी हातात धरून चालणारी कुमुदक्का दिसली आणि हसू आलं नाही.

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन निघाली की टेबलावरची बोलणी थांबत. माणसं वाईट नव्हती. पण कुणालाही वाटे, ही आता माझ्यात काय शोधून काढणार. मग ती बाहेर पिंपळाच्या पारावर बसून जेवायची. तिथे खारी होत्या. खारींच्या ढोल्या तिने तपासल्या असणार याबद्दल मला शंका नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आणि असं केलं तर?" हे वाक्य तिने सगळीकडे वापरलं. नको तिथे तर जास्तच. तरुणपणी टी. नरसीपूरचा एक मुलगा तिला बघायला आला. सगळं पसंत. सुपारी फोडायची वेळ आली. मुलाचे वडील अभिमानाने म्हणाले, आमचं घर अगदी नदीकाठी, स्वयंपाकघरातून संगम दिसतो. कुमुदक्काने पोह्यांचा ट्रे हातात धरून विचारलं, "आणि पाणी आलं तर?"

मुलगा हसला. वडील हसले नाहीत. सुपारी फुटली खरी, पण पंधरवड्याने निरोप आला की मुलगी फार प्रश्न विचारते, तेव्हा नको. पुढे त्या घरात पाणी आलं, चुलीपर्यंत आलं. त्याचा निरोप मात्र कुणी पाठवला नाही.

दसऱ्याला ती घरी गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडायची. पायऱ्या-पायऱ्यांची आरास, वर राजाराणी, खाली हत्ती, वाणी, वाजंत्री, आमच्याकडे घराघरात असते तशीच. फक्त तिच्या आराशीत दरवर्षी मुद्दाम एक चूक असायची. वाण्याच्या तागडीत धान्याऐवजी बटण, किंवा वाजंत्र्याच्या हातात सनईऐवजी पळी. गल्लीतल्या पोरांनी ती शोधायची. ज्याला सापडली त्याला चकल्या. त्या दिवसांत तिच्या घरात पोरं मावत नसत. पण गल्लीतली पोरं मोठी झाली, बंगळूरला गेली, आणि नव्या घरांतून पोरं एकमेकांकडे जाईनाशी झाली. शेवटच्या एक-दोन दसऱ्यांना मी आणि बायको जायचो. चूक शोधायला बायको फार वेळ लावायची. मला ती दारातूनच दिसायची, पण मी बोलत नसे. कुमुदक्का आमच्या तोंडाकडे बघत उभी असायची, दोन्ही हात पाठीमागे, आणि आपण जितका उशीर लावू तितकं तिचं तोंड खुलत जायचं.

एकच जागा अशी होती जिथे तिला बघून कुणाची बोलणी थांबत नसत. आमच्या विठ्ठलमंदिरातलं शनिवारचं भजन. आम्ही मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली, कुणी शिंपी, कुणी दुकानदार, कुणी मास्तर, कुणी कचेरीत. शनिवारी संध्याकाळी सगळे तिथे. कुमुदक्का टाळ वाजवायची. गाणं तिला येत नसे, पण ताल असा पक्का की पेटीवाले तिच्याकडे बघून वाजवत. तिथे ती चोर नव्हती, तपासनीस नव्हती. कुणाच्या तरी आईची मैत्रीण, कुणाची वर्गातली कुमुद. ती मला म्हणाली होती, "दत्तू, आठवड्यात एक दिवस असा की मी आले म्हणून कुणाच्या पोटात गोळा येत नाही."

आता त्याच मंदिराची गोष्ट.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष विश्वनाथमामा. बँकेतून निवृत्त, पांढराशुभ्र शर्ट, पांढरं धोतर, आणि एकदा बोलले की तो ठराव. त्यांच्या मनात आलं, समाजातली मुलं पांगली, लग्नं जुळेनात, तेव्हा वधूवरांची एक वेबसाइट काढू. त्यांचा भाचा सुहास बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने सुट्टीच्या दिवशी बसून, एक पैसा न घेता, ती बांधली. घराघरांतून माहिती भरली गेली. बाहेरच्याला फक्त नाव आणि शिक्षण दिसणार, पत्ता, फोन, जन्मवेळ, बाकी खासगी माहिती आत लपलेली. उद्घाटनाचा दिवस ठरला. नारळ, कापूर, मंदिराचा हॉल.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी कुमुदक्काने आपल्या मावसबहिणीच्या मुलीची नोंद झाली का ते बघायला साइट उघडली. शोधाच्या चौकटीत आडनाव लिहिलं. त्या क्षणी साइट कशाने तरी अडखळली आणि उत्तराऐवजी पडद्यावर, सुहासने आतल्या डेटाबेसला विचारलेलं अख्खं वाक्य येऊन पडलं. त्या वाक्यात हिने लिहिलेलं आडनाव जसंच्या तसं शिवलेलं. माझ्या दुकानासारखंच.

मी तेव्हा मामांच्या घरी उद्घाटनाच्या पडद्याचं बोलायला गेलो होतो. ती आली. बेल वाजवून आली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गंभीर आहे.

"मामा, उद्घाटन पुढे ढकला."

मामांनी चष्मा काढला. "निमंत्रणं गेली कुमुद."

"शोधाच्या चौकटीतून आतली सगळी माहिती बाहेर काढता येईल. सगळ्या मुलींचे पत्ते, फोन."

"तू आत घुसलीस?"

"नाही. दाराबाहेर उभी होते. फट दिसली."

"एखाद्या मुलीचा नंबर दिसला?"

"नाही."

"मग?"

"दिसू शकतो."

"दिसू शकतो." मामा माझ्याकडे वळले. "दत्तू, तुझ्या दुकानाला आग लागू शकते. म्हणून दुकान उघडत नाहीस का तू?"

मी पडद्याच्या कापडाकडे बघायला लागलो. मामांनी सुहासला फोन लावला आणि टेबलावर ठेवला. सुहासचा आवाज खोलीत आला, "मामा, पासवर्ड आहे. आत कुणी येऊच शकत नाही."

"सुहास, पासवर्ड पुढच्या दाराला आहे रे," कुमुदक्का फोनकडे वाकून म्हणाली, अगदी हळू, पोराला समजवावं तशी. "हे बघ, गुरुजी पूजेला संकल्प सांगतात. सगळे शब्द ठरलेले, मध्ये तुझ्या नावापुरती जागा. त्या जागी तू काहीही सांग, गुरुजी ते नाव म्हणूनच घेणार. तू जर तिथे म्हणालास की देवाचे दागिने मला द्या, तरी ते म्हणतील, बरं, हे याचं नाव. तसं करायचं. वाक्य आधी ठरवून आत द्यायचं, आणि माणसाने लिहिलेलं नंतर, वेगळं, फक्त त्याच्या जागेत. तू दोन्ही एकत्र शिवलंस."

मग सुहास म्हणाला, "अक्का, मी धोक्याची अक्षरं गाळून घेतोय. होत नाही असं काही."

"मग काढून दाखव," मामा म्हणाले. "एका मुलीचा नंबर काढून दाखव. मी अध्यक्ष आहे, माझी परवानगी."

"साइट तपासायची परवानगी तुम्ही देऊ शकता मामा. नंबरची नाही."

"का?"

"नंबर तुमचे नाहीत. मुलींचे आहेत. एक जरी काढला तरी मी तेच केलं जे होऊ नये म्हणून सांगायला आले."

आता बघा तिची कोंडी. काढून दाखवलं तर चोर, नाही दाखवलं तर खोटी. मामांचा पारा चढला होता. त्यांनी खास त्यांच्या बँकेतल्या आवाजात ठराव मांडला. "उद्घाटनाला सगळ्यांसमोर दाखव. जमलं नाही, तर तिथेच समाजापुढे म्हण, चुकले. आणि मग शनिवारी आलीस नाहीस तरी कुणाचं काही अडणार नाही."

आपल्याकडून काय मागितलं गेलं ते कुमुदक्काला कळलं होतं, मलाही. मग उठली. "आय्तु," म्हणाली. म्हणजे ठरलं.

रस्त्याने परत येताना मी म्हणालो, "माझ्या मुलीची नोंद आहे त्यात. तिचा नंबर काढ. मी परवानगी देतो."

"ती देते का?"

मुलगी हैदराबादला. विचारलं असतं तर तिने मला तासभर सुनावलं असतं.

"होगली बिड," कुमुदक्का म्हणाली, म्हणजे जाऊ दे. "बघते काय करायचं ते."

उद्घाटनाला हॉल भरला होता. प्रोजेक्टरचा पडदा माझ्या दुकानचा, शर्टाचं पांढरं पॉपलिन, दोन्ही बाजूंनी टाचलेलं. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ घातली गेली, ती कीबोर्डवर यायला लागली म्हणून सुहासने हळूच मागे सारली. नारळ फुटला. मामा बोलले. शेवटी म्हणाले, "आमच्या कुमुदची या बाबतीत काही शंका आहे. तिने ती इथे दूर करावी." बायकांच्या रांगांत कुजबुज झाली. कुमुदक्का उठली. त्याच धावायच्या बुटांत, ते दाराशी काढून ठेवायला विसरली होती, परत गेली, काढले, अनवाणी मंचावर आली.

"मी परवा यात एक नोंद केली," ती म्हणाली. "फक्त तीच काढणार आहे. दुसऱ्या कुणाचं काही दिसणार नाही."

मग तिने शोधाच्या चौकटीत लांबलचक काहीतरी टाइप केलं. पासवर्ड नाही, काही नाही. एक कळ दाबली.

माझ्या पॉपलिनवर अक्षरं उमटली. नाव, कुमुद. वधू. वय, जे तिचं खरं वय होतं. जन्मवेळ. जयलक्ष्मीपुरमचा पत्ता. फोन. पूर्वी लग्न ठरलं होतं का? हो. मोडण्याचं कारण? मुलगी फार प्रश्न विचारते. आणि सगळ्यात खाली, जोडीदाराकडून अपेक्षा: संध्याकाळी घरी आल्यावर 'आलीस का' असं विचारावं.

मागून एक लहान मूल मोठ्याने वाचायला लागलं, त्याच्या आईने तोंडावर हात ठेवला.

सुहास धावला, पण त्याला माळेतून कॉम्प्युटर मोकळा करता येईना. तेव्हा विश्वनाथमामा, आयुष्यात कधी घाई न केलेला माणूस, उठले आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले, हात पसरून, झाकायला. झाकलं काहीच नाही. प्रकाश त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडला. तिचा पत्ता त्यांच्या छातीवर आला, आणि धोतरावर, मोठ्या ठळक अक्षरांत, 'आलीस का'. मी विनोदी माणूस आहे, माझ्या आयुष्यात याहून विनोदी दृश्य मी पाहिलेलं नाही. त्या हॉलमध्ये एकही माणूस हसला नाही.

कुमुदक्का मात्र मान वाकडी करून पडदा नीट तपासत होती. "बघा मामा," ती म्हणाली. "उघडतं."

नंतर मी तिला विचारलं, खरं का भरलंस? काहीतरी खोटं भरायचं होतं, कुणाला काय कळलं असतं. ती म्हणाली, "खोटी माहिती भरली असती तर मामा म्हणाले असते, हे काय, ही तर खोटीच नोंद होती, यात काय गेलं? काहीतरी जायला पाहिजे ना रे. त्याशिवाय कसं पटणार?"

"आणि अपेक्षा?"

"ती चौकट रिकामी ठेवता येत नव्हती," ती म्हणाली आणि मोगऱ्याला पाणी घालायला लागली.

साइट तिथल्या तिथे बंद झाली. सुहास पुढच्या रविवारी बंगळूरहून आला, दिवसभर तिच्या घरी बसला आणि सगळं उसवून पुन्हा शिवलं. जाताना मला म्हणाला, "अण्णा, त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की बघ, सांगितलं होतं." महिन्याभराने साइट पुन्हा उघडली, नारळाशिवाय. त्याच्या आधी मामा स्वतः तिच्या घरी गेले. मला सोबत नेलं. फाटकाशी उभे राहून म्हणाले, "कुमुद, आता ढकलून बघ." तिने आत बसून दोन तास साइट ढकलून बघितली. आम्ही कॉफी प्यायलो, पुन्हा प्यायलो. शेवटी ती पाठ टेकून बसली. "उघडत नाही," म्हणाली. त्या दिवशी ती जेवढी खूश होती तेवढी मी तिला कधी पाहिली नव्हती. मामा उठताना खाली बघत म्हणाले, "शनिवारी येत जा. तू नाहीस तर पेटीवाल्याचा ताल जातो."

ती उद्घाटनापासून भजनाला आली नव्हती. त्या शनिवारी आली.

आमच्या समाजात वाईट माणसं नाहीत हे मी पुन्हा सांगतो. हाच सगळा घोटाळा. ती दारातून आत शिरली तशी पहिली बाई म्हणाली, "आलीस का कुमुद?" दुसरी म्हणाली, "आलीस का ग?" मग तिसरी. पादुकांपाशी बसलेल्या आजीपर्यंत सगळ्यांनी विचारलं, कुठे पायरी चुकू नये म्हणून जपून, एकीमागून एक. कुमुदक्का प्रत्येकीला "हो, आले" म्हणत गेली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मी लिहीत नाही. नंतर एका मामींनी हासनच्या एका विधुराचं स्थळही आणलं, निवृत्त मुख्याध्यापक. कुमुदक्काने विचारलं, "आणि तो आधी गेला तर?" मामींना वाटलं ती थट्टा करते. थट्टा करत नव्हती.

आता ती कोइमतूरला असते. तिकडच्या एका कंपनीने बोलावलं, तिने घर भाड्याने दिलं आणि गेली. भाडेकरूंनी फाटकाला नवी कडी बसवली आहे. मी निघते का बघितली. निघते. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जायच्या आधीच्या शनिवारी मला ती शेवटची दिसली. मला पोचायला उशीर झाला होता, भजन सुरू झालेलं, मी पुरुषांच्या बाजूला दाराशी बसलो. आमच्या मंदिरात बायकांची सतरंजी नेहमी इतकी भरलेली असते की गुडघ्याला गुडघा लागतो, टाळ वाजवायला कोपर हलवलं तर शेजारणीच्या कमरेत जातं, आणि त्यावरून भांडणं होतात. त्या दिवशी कुमुदक्का मधोमध बसली होती आणि तिच्यासाठी सगळ्यांनी आदराने जागा केली होती. इतकी जागा केली होती की तिच्या दोन्ही बाजूंना कुणीच उरलं नव्हतं. ती टाळ वाजवत होती, ताल पक्का. पहिलं पद संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी तिने टाळ मांडीवर ठेवले, तळहात टेकला आणि डावीकडच्या बाईच्या दिशेने थोडी सरकली. बाईने वळून पाहिलं, प्रेमाने हसली, आणि तिला नीट बसता यावं म्हणून स्वतःही तेवढीच पलीकडे सरकली.